विरजण

नाझीला जाऊन चाळीस दिवस झाले
तेव्हा कुठे मी तिचा फ्रीज नीट उघडला.
मागच्या कोपऱ्यात मात्सोनीची बरणी.
तळाला चमचाभर दही, त्यावर हिरवी मखमल.
धुऊन टाकली.
धुतल्यावर लक्षात आलं, हे संपलं म्हणजे संपलं.
नुसत्या दुधाचं दही होत नाही.

सत्तावीस वर्षं ट्रॉलीबस चालवली मी
तिबिलिसीच्या चढांवरून.
दही लागतं कसं, हे विचारायची वेळ आली नव्हती.
ते सकाळी असायचंच.

पाचव्या मजल्यावरच्या त्सियालाने दार उघडलं
आणि आधी विचारलं, रविवारी चर्चमध्ये का दिसत नाहीस?
म्हटलं, गुडघे.
खरं तर गुडघ्यांना काही झालेलं नाही.
मेणबत्ती लावून कुणाशी बोलायचं
ते मला सुचत नाही.
विरजण? तिचं उन्हाळ्यातच खराब झालं होतं.
"गुलिझारकडे बघ, दुसऱ्यावर."

आमच्या लिफ्टला चढायला वीस तेत्रीचं नाणं लागतं,
उतरणं फुकट.
(नाझी म्हणायची, मरणाचंही तसंच असावं.)

गुलिझार यझिदी. तिच्या अख्ख्या घरात
पूर्वेची खिडकी तेवढी लख्ख पुसलेली.
पातेलं उपडं करून दाखवलं तिने:
"नातवंडांनी चाटून ठेवलंय. नवव्यावर जा.
त्याच्याकडचं कधी मरत नाही."

नवव्यावर जुम्बेर राहतो.
मी आठव्यावर, म्हणजे तो माझ्या डोक्यावर.
अकरा वर्षांपूर्वी त्याचा नळ गळला,
माझ्या छतावर घोड्याच्या तोंडासारखा डाग पडला,
आणि तेव्हापासून आमच्यातून विस्तव जात नाही.
बूट घालून फिरतो तो रात्री दोन-दोनपर्यंत.
मुद्दाम, असं मी अकरा वर्षं धरून चाललोय.

खिशात नाणं नव्हतं.
नाण्यांच्या पेटीवर कुणीतरी
एखादं जास्तीचं ठेवून जातं नेहमी.
होतं.
कोण ठेवतं, हे आमच्या इमारतीत कुणी विचारलेलं नाही.
मीही एकदा ठेवलंय.

जुम्बेर म्हातारा झाला होता.
लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं
की हे दिसत नाही.
मी रिकामी बरणी पुढे केली.
झाकणाला बांधलेल्या निळ्या दोऱ्याकडे बघत तो म्हणाला,
"हे तिचंच आहे."
मला वाटलं, बरणीबद्दल बोलतोय.
"माझ्याकडचं. दर पानगळीला नवं आणून द्यायची.
जिन्याने यायची,
लिफ्टचा आवाज तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

बाहेर दिवे लागले होते.
माझी आई सांगायची, दिवेलागणीनंतर
विरजण उंबऱ्याबाहेर देऊ नये, घराची बरकत जाते.
त्याच्याही आईने सांगितलं असणार;
चमचा मध्येच थांबला.
मग त्याने तीन चमचे घातले. एक पुरला असता.

मी अर्धा जिना उतरलो तेव्हा वरून ओरडला,
सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं:
"दूध कोमट! करंगळी बुडवून दहा मोजता आले पाहिजेत!"

मी मोजले. सातलाच बोट काढलं, थांबलो,
पुन्हा पहिल्यापासून मोजले.
बरणी माझ्या जुन्या ड्युटीच्या कोटात गुंडाळून
पलंगाशेजारी, तिच्या बाजूला ठेवली.
धक्का लागू द्यायचा नाही, एवढं मला ठाऊक होतं.
अशा रात्री ती मला दारसुद्धा ओढू द्यायची नाही,
मी चिडायचो.

दिवा मालवला. डागाखाली पडून राहिलो,
कूस न बदलता.

दोन वाजले.
तीन वाजले.
वर एकही बूट वाजला नाही.